दादाच्या फोनवरचे तीन दिवस

निशिकांतदादाच्या फोनला नेट मिळेना, त्याला शनिवारी तीन दिवस झाले. पुण्यापासून दूर परदेशात, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये गार्गी सकाळपासून तो फोन घेऊन बसली होती. कंपनीने जुनं नेटवर्क बंद केलं होतं आणि जुन्या प्रीपेड फोनमध्ये नवी सेटिंग हाताने भरा, असा एसएमएस आला होता. त्या फोनचं वायफाय तर अपघातात तो आपटला तेव्हाच गेलेलं.

अपघाताला आठ महिने झाले होते. दादा हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून निघाला तो घरी आलाच नाही. पुण्यात आईच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. इतक्यात सांगू नका, असं डॉक्टर म्हणाले. शैलेंद्रमामाने थाप मारली की निशिकांतला कंपनीने जहाजावर पाठवलंय, तिथे फोन लागत नाही, मेसेज तेवढे जातात. ते मेसेज रोज दुपारी बाराला गार्गी लिहू लागली. दादाच्या फोनवरून, त्याचे जुने मेसेज वाचून, त्याच्याच शब्दांत. ते जुने मेसेज पुसले जातील या धास्तीने तिने खातं दुसऱ्या फोनवर नेलं नव्हतं.

तीन दिवस लेकाचा मेसेज नाही म्हटल्यावर आईने घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण रोज संध्याकाळी गार्गीशी ती मजेत बोलत होती. दादाचा विषयही काढत नव्हती. आईला सगळं कळलं की काय, असं गार्गीला वाटू लागलं होतं.

शेवटी तिने कुशलला फोन लावला. कुशल पुण्याचाच, इथे मोबाईल नेटवर्कमध्ये इंजिनियर. त्याने एकेक ओळ तपासून घेतली.

"ऑथेंटिकेशन टाइपला काय आहे?"

"काहीच नाही."

"अगं पोस्टडॉकबाई, रेणू मोजता तुम्ही, आणि एक रकाना भरवत नाही? नेटवर्क विचारतंय कोण तू, आणि फोन तोंड मिटून बसलाय."

पर्याय दोन होते. पॅप निवडलं की फोन आपलं नाव आणि पासवर्ड सरळ सांगून टाकतो. चॅपमध्ये नेटवर्क आधी एक प्रश्न टाकतं, आणि पासवर्ड न उच्चारता तो आपल्याला ठाऊक आहे, हे फोनने पटवून द्यायचं. पॅपने काही झालं नाही. गार्गीने चॅप निवडलं, फोन बंद करून चालू केला. वरच्या पट्टीत फोर-जी उमटलं. कुशलचे आभार मानून तिने आईचं चॅट उघडलं.

नेट नाही म्हणून तिने तीन दिवसांत तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं. तरी तिथे तीन मेसेज होते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, बरोबर बाराचे. तिन्हींवर निळ्या खुणा.

'गोळ्यांचं एक पाकीट शिवणाच्या डब्यात आहे, तूच ठेवलंस.'

'वांग्यात गूळ कमी घाल.'

'गार्गी दमलीये. तिला काही विचारू नकोस.'

गार्गीने रीतसर तपासायला घेतलं. खातं दुसऱ्या कुठल्याही यंत्राला जोडलेलं नव्हतं. तीन दिवसांत वापरलेला डेटा शून्य. शिवाय बुधवारी बारा वाजता फोन तिच्याच हातात होता, सेटिंगचं पान उघडलेलं. तिने हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडला. उत्तर तेच आलं: या फोनवरून ते मेसेज जाणं शक्यच नव्हतं.

तेवढ्यात अडकलेला मेसेज येऊन पडला. आईचा, काल रात्रीचा.

'आठ महिने कोण लिहितंय ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. निशी मला कधी काळजी घे म्हणाला नव्हता. लिहून तरी ती सावरेल, म्हणून गप्प राहिले. पण हे तीन दिवस तूच होतास ना रे? उद्या सांग.'

गार्गीने तो दोनदा वाचला. उत्तर द्यायला अंगठा खाली नेला आणि तसाच मागे घेतला. बाराला चार मिनिटं होती. खालून एलआरटीची गाडी गेली, खिडकीची काच थोडी हलली.

तिने सेटिंग उघडली, चॅप काढलं, रकाना गेले तीन दिवस होता तसा पुन्हा रिकामा करून सेव्ह केलं. फोर-जी गेलं. आईचं चॅट उघडं ठेवून तिने फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

बारा वाजता मेसेज लिहायच्या चौकटीत एक अक्षर उमटलं, मग दुसरं. गार्गीने डोळे मिटून घेतले आणि चाचपडत फोन पालथा केला. ते आईसाठी होतं.