आन्शीची पानं

शूलाननं केटलीतलं उकळतं पाणी झाकणाच्या वाटीत ओतलं, झाकण तिरपं धरून ते सगळं लगेच बांबूच्या ताटात सांडून दिलं आणि ओल्या पानांवर पुन्हा नवं पाणी घेतलं. समोर बाजेवर बसलेल्या तुळजाबाई रोज नेमक्या या वेळी, "घातलं का वाया?" असं विचारायच्या. आज त्यांनी विचारलं नाही. सून झाकण हातात धरून वाटीत बघत राहिली होती आणि चहा ओतायची वेळ टळून चालली होती.

"काय झालं गं?"

शूलाननं चिमट्यानं एक पान उचलून तळहातावर पसरलं. कोरडं असताना ते हरभऱ्याएवढं, घट्ट गुंडाळलेलं असायचं. पाण्यात उमललं की अख्खं पान दिसायचं. हे पान मधोमध सरळ कापलेलं होतं. तिनं दुसरं काढलं. त्याला जाड देठ होता.

"बाबानी न्हाई केला," ती म्हणाली.

"अगं, काल आलेल्या खोक्यावर त्याचंच नाव हाय म्हणलीस की."

"नाव बाबाचं. चहा न्हाई बाबाचा. मशीननी तोडला. बाबा हातानी तोडते. मंग बसते, देठ काढते, एक एक."

तुळजाबाईंनी मान पुढं करून पाहिलं. त्यांना पान पानासारखंच दिसलं. पण सुनेचा चेहरा त्यांना आता वाचता येत होता. त्यांनी आपणहून हात लांबवला, वाटीतला चहा इवल्याशा कपात ओतून घेतला आणि एक घोट पिऊन म्हणाल्या, "फोन करून बघ घरी."

भोकरहून हिमायतनगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत हे स्लॅबचं घर संगमेशनं बांधलं होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या चीनमधल्या कचेरीत तो नोकरीला होता. खेळणी आणि प्लॅस्टिकच्या वस्तू खरेदी करून इकडे पाठवायचं काम. तिथंच हिशेब सांभाळणारी शूलान त्याला भेटली, तिथंच लग्न झालं. मग तिला घेऊन तो गावी आला, जेवणावळी घातली, आणि महिना झाला नसेल तोच व्यापाऱ्यानं त्याला दुबईला धाडलं. "जागेची सोय लागली की नेतो," असं त्यानं जाताना सांगितलं होतं. जागेची सोय अजून लागली नव्हती. वर्षातून एकदा तो यायचा, पंधरवडाभर राहायचा आणि जायचा. तिचा लाल पासपोर्ट तुळजाबाईंच्या तिजोरीत, साड्यांखाली होता. किल्ली त्यांच्या कनवटीला.

सुरुवातीला बायका शूलानला बघायलाच यायच्या. दारात उभ्या राहून तिचे केस, तिचे पाय, तिचा हात बघायच्या. पोरं रस्त्यावरून "चायना, चायना" करीत पळायची. ती बाजारात एकटी गेली की मागं घोळका लागायचा. मग ती जायची बंद झाली. फाटकापर्यंत यायची आणि कडीवर हात ठेवून उभी राहायची.

'माय' हा शब्द मात्र तिला शिकवावा लागला नाही. तिच्या भाषेतही आईला जवळपास तसंच म्हणतात. बाकीचं तुळजाबाईंनी शिकवलं. आणि तिनं त्यांना चहा शिकवला. म्हणजे प्यायला. तिचा बाप फुजियानमधल्या आन्शी नावाच्या भागात डोंगरउतारावर चहा पिकवायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा पार्सल यायचं. त्या चहाचं नाव दयेच्या देवीवरून पडलंय, हे कळल्यावर तुळजाबाई म्हणाल्या होत्या, "देवी हाय का, मंग चालतंय," आणि पहिल्यांदा घोट घेतला होता. दुसऱ्याही पुड्या होत्या. ताप आला की पांढऱ्या चहाचा काढा, उन्हाळ्यात हिरवा, आणि गोवरीसारखी थापलेली एक काळी वडी. ती जितकी जुनी तितकी चांगली, म्हणून शूलान तिला हातच लावत नसे.

पाव्हण्यांचा कप ती कधी काठोकाठ भरायची नाही. भरलेला कप बोटं भाजतो, आणि पाव्हण्याला वाटतं आता आपण उठावं.

"आमच्यात अर्धा कप दिला तर पाव्हणा गावभर सांगतोय," तुळजाबाईंनी तिला बजावलं होतं. तेव्हापासून पाव्हण्यांसाठी दुधाचा चहा तुळजाबाई करायच्या, आणि सकाळचं हे गवताचं पाणी दोघींपुरतं राहिलं होतं.

फोनवर शूलान बापाच्या शेजारच्या मावशीशी बोलली. तुळजाबाईंना एकही शब्द कळत नव्हता. पण आधी चढलेला सुनेचा आवाज मध्येच खाली आला आणि मग ती नुसतीच ऐकत राहिली, तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"दिवाळीतच," फोन ठेवून शूलान म्हणाली. तिनं आपला उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि सोडून दिला. तो मांडीवर पडला. "असा. पाय बी. मला सांगू नका म्हणले बाबा. चहा मावशीनी पाठवला, बाबाच्या नावानी."

"कोण बघतंय त्याला?"

"मावशी. कधी कधी."

आई तिची लहानपणीच गेली होती. भाऊ-बहीण नव्हतं. तुळजाबाईंना हे सगळं आधीच ठाऊक होतं, तरी त्यांना ते आत्ताच कळल्यासारखं झालं.

संध्याकाळी संगमेशचा फोन आला. शूलाननं फोन पोह्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. आधी ती दोघं तिच्या भाषेत बोलली. मग तो मराठीत आला, म्हणजे आईलाही ऐकू जावं.

"बघू ना. पुढच्या दिवाळीला मी येतो, तेव्हा दोघं मिळून जाऊ."

"दिवाळी लांब हाय. बाबा एकटा हाय."

"शेजारी बघून राहिलेत की. तू जाऊन काय डॉक्टर होणार हायस का?"

"पासपोर्ट द्या म्हणा मायला."

"माय, फोन घे जरा," तो म्हणाला.

तुळजाबाईंनी फोन हातात घेतला. शूलान कप उचलून आत मोरीकडे गेली. आतून नळाचा आवाज येऊ लागला.

"किल्ली तुझ्याजवळच हाय ना?"

"हाय."

"देऊ नको. आत्ता तिला काही सुचत नसंल. पण एकदा गेली की येत नसती ती."

"बाप हाय तिचा, संगू."

"आन् तू माय हायस माझी. उद्या गुडघे धरून पडलीस तर पाणी कोण देणार तुला? मला काय इथं एकल्यानं राहायची हौस हाय का? तुझ्यासाठीच ठेवली ना तिला तिथं."

फोनचा आवाज मोठा होता. तो कसा कमी करायचा हे तुळजाबाईंना येत नव्हतं. आतला नळ बंद झाला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

रोजच्यासारखं त्या संध्याकाळीही शूलान तिळाच्या तेलाची वाटी कोमट करून घेऊन आली आणि बाजेच्या पायथ्याशी बसली.

"राहू दे आज," तुळजाबाई म्हणाल्या.

"दुखते ना?"

"दुखतंय."

"मंग?"

तिनं त्यांचं लुगडं गुडघ्यांच्या वर सारलं आणि चोळायला लागली. तुळजाबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. आज त्या हातांना राग असेल, जोर जास्त लागेल, निदान लवकर आवरतं घेतील, असं त्यांना वाटलं होतं. पण हात काल जसे फिरत होते तसेच फिरले. तेल जिरेपर्यंत ती उठली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपलं बांबूचं ताट फळीवर चढवून ठेवलं. सकाळी तुळजाबाईंसाठी दूध-साखरेचा चहा करायची, तोही त्यांना आवडतो तसा, आलं ठेचून. स्वतः नुसतं गरम पाणी प्यायची. पासपोर्टचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही. तुरीच्या शेंगा सोलल्या, हरभऱ्याची भाजी खुडून आणली, तुळजाबाईंच्या अंघोळीचं पाणी तापवलं. दुपारी काम संपलं की फाटकाशी जाऊन उभी राहायची. तुळजाबाई आतून तिच्या पाठीकडे बघायच्या. झोपताना किल्ली कमरेला रुतायची. आधीही रुतत असेल, त्यांच्या ध्यानात आली नव्हती. तिजोरीत सोनं हाय म्हणून किल्ली जवळ ठेवलीय, असं त्या मनाशी म्हणायच्या. सोनं म्हणजे एक बोरमाळ होती.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. शूलान नऊवारी नेसून सगळ्यांना तिळगूळ देत फिरली. शेजारची शिवगंगा तुळजाबाईंच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

"नशीब काढलंस तुळजे," ती म्हणाली. "आमच्या सुना हैदराबाद न् पुणं करून राहिल्यात. हिला बरं वळण लावलंस. गायीवाणी राहती, कुठं जायचं नाव न्हाई."

सगळ्या हसल्या. तुळजाबाईही हसल्या. पण हातातला तिळगुळाचा लाडू त्यांनी न खाता पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

सकाळी शूलान चुलीवर दूध ठेवायला निघाली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

"दूध नको. ते तुझं पाणी कर."

"ते चांगला न्हाई, माय. कापलेला."

"कर म्हणते ना."

तिनं ताट काढलं. पाणी तापलं, पहिलं पाणी सांडलं, दुसरं मुरलं. दोन कप भरले. तुळजाबाईंनी कनवटीची किल्ली सोडली आणि ताटावर, कपाच्या शेजारी ठेवली. ओल्या बांबूवर ती जराशी घसरली.

"वरचा खण. हिरव्या शालूच्या खाली."

शूलाननं किल्लीला हात लावला नाही.

"संगमेश?"

"त्याला मी सांगते."

"तुमचा गुडघा?"

"गुडघा माझा हाय."

रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत दूर गेला. दोन्ही कप निवून गेले. मग शूलाननं किल्ली उचलली, पण तिजोरीकडे जाण्याआधी निवलेला चहा फेकून तुळजाबाईंचा कप पुन्हा गरम भरून दिला.

मावशीच्या मुलीनं तिकडूनच हैदराबादहून सुटणारं विमान ठरवलं. तिकीट फोनवर आलं. तुळजाबाईंनी गल्लीत सांगितलं, की नांदेडच्या कचेरीत व्हिसाचं काम हाय. ते दरवर्षीच असायचं. त्यामुळं कुणी फार विचारलं नाही. नांदेडपर्यंत सोडायला आणि तिथून हैदराबादच्या गाडीत बसवून द्यायला भोकरच्या निजामोद्दीनला सांगितलं. त्याची जीप होती आणि तो आगाऊ चौकशी करणारा माणूस नव्हता.

निघायच्या दिवशी शूलाननं घर पुसून काढलं. चहाच्या पुड्यांचा डबा तिनं तिथंच ठेवला. कोणत्या पुडीत काय हे खडूनं डब्यावर चित्र काढून दाखवलं: तापासाठी, उन्हासाठी. काळ्या वडीपुढं तिनं काहीच काढलं नाही. तुळजाबाईंनी तिला देवापुढच्या पाटावर बसवून कुंकू लावलं आणि ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. तांदूळ पदरातून सांडू नयेत म्हणून तिनं दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला, आणि तसंच वाकून पाया पडली.

"ह्ये विमानात नेऊ देतेत का?"

"माहीत न्हाई."

"न्हाई दिलं तर तिथंच कुणालातरी दे."

निजामोद्दीननं पिशवी मागं ठेवली. शूलान जीपमध्ये चढली, पुन्हा उतरली, फाटकापाशी आली. तुळजाबाईंनी खांबाला हात टेकला होता.

"जाते, माय," ती म्हणाली.

तुळजाबाईंच्या ओठांवर शब्द आला होता. सुनेची प्रत्येक चूक त्यांनी आजवर दुरुस्त केली होती. चहा तो, साखर ती, पाणी ते. चुकलं की दोघी हसायच्या. या वेळी त्या तिच्याकडे बघत राहिल्या. तिला खरंच ठाऊक नव्हतं, की होतं, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून वाचता आलं नाही.

"जाय," त्या म्हणाल्या. "जपून जाय."

संगमेशचा फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. तोवर शूलानचा निरोप येऊन गेला होता. विमान बदलताना तिनं कुठल्याशा मोठ्या खिडकीचा फोटो धाडला होता. तुळजाबाई बाजेवर बसल्या होत्या.

"कालपासून तिचा फोन बंद येऊन राहिलाय. दे बरं तिला."

"गेली ती."

"कुठं गेली?"

"घरी. तिच्या."

पडद्यावर त्याचा चेहरा हलायचा थांबला. फोन अडकला की काय, असं तुळजाबाईंना वाटलं. मग त्याच्या मागं कुणीतरी दार आपटलं आणि त्यानं मान वळवली.

"तू दिलीस किल्ली?"

"हाव."

"माय, काय केलंस हे? मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस."

तो बराच वेळ बोलत राहिला. तुझं कसं होणार, मला आता रजा मिळायची नाही, लोकांना काय सांगायचं. तुळजाबाईंनी ऐकून घेतलं. शेवटी त्याचा आवाज बसला. फोन त्यानं चेहऱ्यापासून दूर धरला होता. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं.

"जाताना काही म्हणाली का?" त्यानं विचारलं.

बाहेर फाटकाची कडी वाऱ्यानं वाजत होती. ती लावायची राहून गेली होती.

"येते म्हणाली," तुळजाबाई म्हणाल्या. "जीपमधी बसता बसता पुन्हा उतरली, अन् म्हणाली, येते, माय."

"नक्की?"

"मग काय, खोटं सांगून राहिले का तुला?"

छत हललं, पुन्हा त्याचा चेहरा आला. त्यानं डोळे पुसले की घाम, ते दिसलं नाही. "बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा, "बरं."

फोन बंद झाल्यावर तुळजाबाईंनी तो उशाशी पालथा ठेवला. अंधारून यायला लागलं होतं. बाजेच्या कडेला दोन्ही हात रोवून त्या उठल्या, गुडघ्यातली कळ ओसरेपर्यंत थांबल्या, आणि भिंत धरत फाटकाची कडी लावायला निघाल्या.