हाराखालची लाल चकती

मित्रांनो, मी तमिळनाडूतल्या दिंडिगुलकडच्या एका बसथांब्यावरचा जुना पत्र्याचा बोर्ड आहे. माझ्या अंगावर आसपासच्या अकरा सूतगिरण्यांची चित्रं आहेत. कुणाचा मोर, कुणाची घंटा, कुणाचा नारळ. कारण मला बघायला येणाऱ्या बहुतेक बायांना वाचता येत नाही. प्रत्येक चित्राखाली एक चकती. गिरणी मुलींना नीट वागवते, ओढ्यात रंगाचं पाणी सोडत नाही, तर हिरवी. थोडी गडबड असली तर पिवळी. धोका असला तर लाल. कामगार बायकांच्या संघाची सोर्णक्का दर महिन्याला गिरण्या फिरून यायची आणि स्टुलावर चढून चकत्या बदलायची.

खेड्यापाड्यांतल्या आया लेकीला कुठं कामाला धाडायचं ते माझ्याकडे बघून ठरवायच्या. "बोर्डाला विचारून आले," म्हणायच्या. केवढा मान होता माझा!

मोराच्या गिरणीची चकती मात्र सदा लाल. आत कापसाची धूळ कोंडलेली, आणि मुलींना सुट्टीच्या दिवशीही फाटकाबाहेर सोडत नसत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आमच्याकडे कात्रीपासून बसपर्यंत सगळ्यांना हार घालतात. त्या वर्षी मोराच्या गिरणीचा मुकादम झेंडूचा भला जाड हार घेऊन आला, हात जोडले आणि नेमका लाल चकतीवर अडकवला.

"अहो, दुसरीकडे घाला की!" सोर्णक्का म्हणाली.

"पूजेचा हार आहे, अक्का. हात लावाल?" तो हसला.

अक्काचा हात वर गेला आणि तिथंच थबकला. "मेला, देवाच्या आड लपतो!" ती पुटपुटली. वाळला की काढू म्हणून ती सणाला माहेरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पेचियम्मा आपल्या लेकीला, मुत्तुमारीला घेऊन आली.

"आई, घंटा हिरवी आहे गं."

"अगं वेडे, मोराला हार घातलाय बघ. उगाच कोण हार घालतं? तीच सगळ्यांत चांगली असणार." पेचियम्माने हाराला हातसुद्धा जोडले.

माझा जीव नुसता तळमळला. वारा सुटावा, एखाद्या गाईनं तो हार ओढून खावा! पण पानही हललं नाही. मुत्तुमारी मोराच्या गिरणीच्या गाडीत बसून गेली.

पोंगल सरल्यावर ती परतली. गाल बसलेले, खोकला थांबेना. हार केव्हाच काढला होता.

"अक्का, मोराची चकती तेव्हाही लालच होती?" मुत्तुमारीनं विचारलं.

"होती गं बाई." सोर्णक्काला तिच्याकडे बघवेना.

तेव्हापासून अक्का मला फूल लावू देत नाही. सणाला चहावाल्याच्या किटलीलासुद्धा हार असतो, मी तेवढा बोडका. आयाही आता येईनाशा झाल्या. बोर्डानं फसवलं म्हणतात. मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो हो, मला झाकलं होतं! पण हे सांगू कुणाला? दिवसभर माणसं समोरून जातात आणि माझ्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. फार एकटं वाटतं.

यंदाच्या आयुधपूजेला मुत्तुमारी आली. खोकत खोकत स्टुलावर चढली, ओल्या फडक्यानं ती लाल चकती लख्ख पुसली आणि निघून गेली. मित्रांनो, माझी पूजा करायचीच असेल तर अशी करा.