बिननावाची पोर

सात महिन्यांची पोरगी, आन् तिला नाव न्हाई! हॉस्पिटलातल्या कागदावर 'रेश्मा यांचं बाळ' एवढंच लिव्हलेलं. तुमी म्हनाल, आई-बाप येडे हायत का? येडे न्हवते. भ्यालेले हुते. आन् भ्यालेला मानूस काय काय नेम काढतो, ते ऐका.

श्रीगोंद्याकडचा ओंकार. कारखान्याला ऊस वाहनाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पोरगी झाली, चौथ्या दिवशी डॉक्टर म्हन्ले, काळजाला भोक हाय, रक्ताची वाटबी अरुंद हाय. सहा-सात महिन्यांची झाली की मोठं ऑपरेशन करावं लागंल. रडली की तिचे व्हट निळे पडायचे, जांभळं खाल्ल्यावानी.

ओंकारच्या आईनं, चांगुणाबाईनं, तवाच फर्मान काढलं. "ऑपरेशन हुस्तवर बारसं न्हाई. नाव ठिवलं की जीव गुततो. आन् ओम्या, तू तिला मांडीवर घ्यायची न्हाई. बाईमानूस रडून मोकळं हुतंय. बाप खचला की घर बसतंय."

बाई काय वाईट न्हवती. तिचं पैलं पोरगं बारशानंतर आठव्या दिवशी गेलेलं. तवापासनं तिनं बारशाचाच धसका घेतल्याला.

ओंकारला हे पटलं का? पटलं कसलं, सोयीचं वाटलं! रेश्मा म्हनायची, "अवं, घ्या की जरा हिला. मी भाकरी टाकते."

"हाताला ग्रीस हाय."

सात महिने गड्याच्या हाताला ग्रीसच!

मग ऑपरेशनची तारीख आली. नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात पोरीला भरती केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आत न्यायची, आन् आदल्या दिवशी दुपारी रेश्माच फनफनली. ताप, खोकला. सिस्टरनं तिला वॉर्डाच्या भायेर काढलं.

"बाळाला सर्दी लागली तर ऑपरेशन पुढं जाईल. आन् आता पुढं ढकलायला येळ न्हाई. बाबा, तुमी बसा बाळापाशी."

बाबा बसले. पोरीला उचललं ते तापल्यालं पातेलं उचलावं तसं, अंगापासनं हातभर लांब. पोरीनं त्याच्याकडं बघितलं. तिला तर कोन तिऱ्हाईत मानूस! तिनं जो टाहो फोडला, व्हट निळे, नखं निळी, मान टाकली.

"सिस्टर! अवं सिस्टर!"

सिस्टर ऑक्सिजन घिऊन पळत आली. तिच्या मागनं वॉर्डातली मावशी. मालनबाई नाव, भिंगारची, पंचवीस वर्सं त्याच वॉर्डात काढल्याली.

"गुडघे दुमड तिचे! पोटाशी लाव! छातीशी धर, लेकरा, छातीशी!"

"मला न्हाई येत मावशी."

"बाप हाईस का पाव्हना?" म्हनत मालनबाईनंच पोरीला हिसकून घेतलं, गुडघे दुमडून उराशी धरलं. हळूहळू व्हटांवर लाली आली.

सिस्टरनं घाम पुसला. "आता नीट ऐका. सकाळी सातपातूर हिला रडू द्यायचं न्हाई. पुन्ना अशी निळी पडली तर आपल्या हातात काय राह्यलं न्हाई."

सातला अजून सोळा तास! आन् पोरगी तर त्याला बघूनच रडत हुती.

मालनबाई पोरीला हलवत म्हन्ली, "नाव काय हिचं?"

"ठिवलं न्हाई."

"सात महिने?"

ओंकारनं खाली मान घालून सगळं सांगितलं. "मन घट्ट करत हुतो मावशी. उद्यासाठी."

"हे मन घट्ट करनं व्हय? ह्याला पळून जानं म्हन्त्यात. उद्या छाती कुनाची उघडनार हायत? तुझी का तिची? मग तयारी कुनाची करायची?"



मालनबाई स्टुलावर बसली. आवाज खाली आला तिचा. "मला एक पोरगं हुतं. कावीळ झाल्ती. सासू म्हन्ली, नाव ठिवू नकोस, माया लावू नकोस. म्या ऐकलं. सव्वीस दिसांचं गेलं. माया न्हाई लावली म्हनून दुख कमी हुईल वाटलं हुतं. न्हाई झालं, लेकरा. आता एवढ्या वर्सांनी त्याची याद येती, तर काय म्हनून रडू? 'ते' म्हनून?"

"मावशी, उद्या ही भायेर न्हाई आली तर?"

आता मालनबाई खोटा धीर देनारी बाई न्हवं. म्हन्ली, "तसंबी हुतं. म्या बघितलंय. पन सात महिने जगून बापाच्या अंगाचा वास ठावं न्हाई, अशी आत पाठवनार हाईस का तिला?"

ओंकार ताडकन् उठला! वॉर्डाच्या भायेर बाकड्यावर रेश्मा तोंडाला पदर लावून बसलेली, तिच्यापुढं जाऊन उभा राह्यला.

"तू तिला मनातल्या मनात काय म्हनतीस?"

रेश्मा चपापली. "कुठं काय?"

"खरं सांग. मी न्हाई ओरडत."

"सृष्टी." तिचे डोळे भरले. "आत्याबाई रानात गेल्या की म्हनते. तुमी कामावर गेल्यावर म्हनते. त्यांना सांगू नका."

ओंकार माघारी आला. अंगातला सदरा काढला, हात-तोंड साबनानं धुतलं, न् मालनबाईपुढं हात पसरले. पोरीला उघड्या छातीशी धरलं, गुडघे दुमडून, मघाशी बघितलं तसं. पोरीनं व्हट काढला. आता रडती का मग रडती!

"सृष्टी," तो म्हन्ला.

पोरीनं मान वळवली! नाव तिला ठावं हुतं. ठावं न्हवतं ते फकस्त बापाला.

मग काय बोलायचं, गड्याला सुचंना. ट्रॅक्टरचं तेवढं येत हुतं. "बघ सृष्टी, मांडवगनवरनं निघालो. मागं दोन ट्रेल्या. आता चढ आलाय." आन् छातीतनं घुर्रर्र घुर्रर्र आवाज काढला. पोरगी त्या आवाजाला कान लावून झोपली. जाग आली की पुन्ना ट्रॅक्टर चालू. मधीच तिला सांगायचा, "उद्या तुला आत नेतील. दुखंल. मी दारातच हाय." हात बधिर झाले, पन एकदाबी रडू दिलं न्हाई.

सकाळी साडेसहाला चांगुणाबाईचा फोन आला.

"आये, नाव ठिवलं तिचं. सृष्टी."

"आरं मेल्या! आज काय इपरीत झालं तर?"

"तर रडायला नाव हाय. न्हाई झालं तर हाक मारायला हाय."

पलीकडनं म्हातारी बारीक आवाजात म्हन्ली, "माझ्या पैल्याचं नाव भीमा हुतं, ओम्या. त्यो गेल्यापासनं म्या कुनापुढं घेतलंच न्हाई."

ऑपरेशनला सहा तास लागले. नंतर नऊ दिस पोरगी काचंपल्याड, तोंडात नळी, छातीवर पट्टी. पाचव्या दिशी ताप चढला, डॉक्टरांचं तोंड उतरलं. सिस्टर रोज दहा मिन्टं ओंकारला आत सोडायची. त्यो वाकून तिच्या कानाशी नाव घ्यायचा, मग हळूच घुर्रर्र करायचा.

मंडळी, पोरगी वाचली. पन वाचली म्हनून मी हे सांगत न्हाई. न वाचती, तरी हेच सांगितलं असतं. आजारी लेकरापासनं माया राखून ठिवू नका. त्यानं तुमचं दुख कमी हुत न्हाई, लेकरू तेवढं एकटं पडतं. आन् सुनंला, लेकाला 'जीव लावू नका' म्हनून शिकवू नका. भ्या वाटतंय? वाटू द्या! भ्या वाटतंय तसंच त्याला उचला, उराशी धरा, न् नावानं हाक मारा.