तारा उतरव

बेस गिटारच्या कापलेल्या तारांचं वेटोळं मयुराच्या मांडीवर पडलं होतं आणि ती माझ्याकडे खुशीत बघत होती.

"झालं बघ आई. उतरवल्या. आता फटाफट नव्या चढवते."

माझ्या हातातला बुक्क्याचा डबा तसाच राहिला. "कुणी सांगितलं तुला?"

"मावशीनेच! तू होतीस ना तिथे. 'आज माझ्याच्यानं नाही निभायचं, मयुरा, तारा उतरव गं.' बिल्कुल असंच म्हणाली."

होते मी तिथे. दुपारी मौन धरण्याआधी माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुखदाताईच्या तोंडचं शेवटचं वाक्य तेच होतं. पण ताईला म्हणायचं होतं, तारा ढिल्या कर, अर्धा सूर खाली लाव, आज आवाज वर चढत नाहीये. माझ्या दिल्लीत वाढलेल्या लेकीनं ऐकलं, तारा काढून टाक. त्यात महिनाभर ती मावशीच्या मागे लागली होती, तुझ्या कीर्तनाला या जुनाट तारा शोभत नाहीत, नव्या टाकू दे म्हणून. तिला वाटलं, मावशी शेवटी हो म्हणाली.

"अगं, उतरव म्हणजे सूर उतरव!"

"तर मग सूर म्हणायचं ना, यार!" ती उसळली आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा उतरला. "आई, मी मधोमध कापल्यात. पक्कडीनं. परत नाही लागायच्या त्या."

पलीकडे हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्याचा आवाज येत होता. सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समागचा आमच्या मंडळाचा हॉल. भिंतीपलीकडच्या बाजारातून 'ले लो दीदी, ले लो'चा ओरडा सारखा आत येतो. एरवी कीर्तन सुरू झालं की तो कुणाच्या कानावरही पडत नाही, कारण ताईचा आवाजच तसा होता. होता, असं म्हणायला जीभ रेटत नाही. वर्षापूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली, देवाची कृपा. पण आवाज निम्मा राहिला. बोलताना ठीक. गायला लागली की खाली घसरायचा आणि शब्दांच्या कडा झिजून जायच्या.

माझी पेटी त्या आवाजावर चढून बसायची. मी कितीही हलका हात ठेवला तरी ताई खाली आणि पेटी वर. मग एका संध्याकाळी मयुरा, जी गुडगावला नोकरी करते आणि मित्रांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते, ती सहज म्हणून घरी मावशीच्या मागे एक जाडी तार मोकळी छेडत बसली. नुसता सा. अधूनमधून प. ताईनं डोळे मिटले आणि पहिल्यांदा एक सबंध अभंग सुरात म्हटला. "खालून कुणी हात दिल्यासारखं वाटतं गं," म्हणाली. तेव्हापासून मोकळ्या तारा ताईच्या सुराला लावायच्या आणि मयुरानं मागे खर्ज धरायचा, असं ठरलं. बेस बंद झाला की ताईचा सूर चाचपडायला लागायचा. आणि त्या वाद्याचा सगळा गुण त्या जुन्या तारांत होता.

आणि नेमक्या आजच त्या गेल्या. ताईनं सकाळीच देवापुढे उभं राहून सांगितलं होतं, "कीर्तन म्हणजे शब्द. आज शेवटच्या रांगेपर्यंत तो पोचला नाही, तर या चिपळ्या देवापुढे ठेवीन. परत उचलणार नाही."

ती नुसतं बोलून थांबली नव्हती. कँटोन्मेंटमधले रिटायर्ड सुभेदार खंडेराव तिच्या प्रत्येक कीर्तनाला येतात. त्यांना तिनं शेवटच्या रांगेत बसायला सांगितलं होतं. शब्द ऐकू आला नाही तर हात वर करायचा, भीड धरायची नाही.

मी बाहेर जाऊन त्यांना गाठलं. "खंडेराव, थोडंफार इकडंतिकडं झालं तर..."

"वहिनी," ते म्हणाले, "पोस्टवर बसवलंय मला ताईंनी. ऐकू आलं तर आलं म्हणेन, नाही तर नाही. तुमच्या लेकीच्या त्या तोफेचं तोंड जरा खाली ठेवा म्हणजे झालं."

आत येऊन बघते तो मयुरानं नव्या तारा चढवल्या होत्या. तिनं एक छेडली. टण्ण! मग झणझण, आणि ती झणझण काही केल्या विझेना. जुन्या तारांवरचं वेटोळं चपट्या पट्टीचं होतं, बोट फिरवलं तर रेशमासारखं लागायचं. त्यांचा आवाज घुमून उठायचा, भरायचा आणि वेळेवर निघून जायचा. या नव्यांवर गोल तार गुंडाळलेली, स्क्रूच्या आट्यांसारखी. बोट सरकलं की चुंईं व्हायचं.

"बँडसाठी घेतल्या होत्या," मयुरा पुटपुटली. "ड्रमच्या वर ऐकू याव्यात म्हणून. मी मूर्ख आहे का गं?"

"नंतर ठरवू. नखी बदलून बघ."

ती आपल्या बोटांची नखं बघायला लागली.

"अगं, ती हातातली, छेडायची!"

"पिक म्हण ना!"

तिच्या डबीत तीन होत्या. जाड नखीनं टणत्कार मोठा झाला. पातळ नखी लवायची, पण तारेवर लागताना स्वतःच टकटक बोलायची. तिसरी दोन्हींच्या मधली, दोन्हींचे दोष घेऊन. नखी टाकून तिनं बोटांनी वाजवलं, तेव्हा जरा निवलं. माझे यजमान, शहाजीराव, तबला लावत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "कुठं छेडतेस ते बघ. मी चाटेवर, काठाला वाजवलं की खणखणतं. आत शाईकडे आलो की गोल होतं. तूही काठ सोड, आत ये."

मयुराचा हात तारा बांधल्या होत्या तिथून गिटारच्या मानेकडे सरकला. टणत्काराची धार गेली. झणझण मात्र उरलीच.

"ॲम्प्लिफायरचा आवाज कमी करू?" तिनं विचारलं.

"मग कुणी मागं उभं आहे असं ताईला कसं वाटेल?" मी म्हणाले. " आणि माइक वाढवला की शिट्टी मारतो."

ताईला सांगायचं की नाही? ती कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती, नऊवारी, खांद्यावर शेला, मांडीवर चिपळ्या. मौनात. मी नाही सांगितलं. घाबरलेल्या माणसाचा आवाज आणखी खाली जातो.

नमन झालं. हॉल भरलेला होता. क्वार्टर्समधली कुटुंबं, कँटोन्मेंटमधले जवान, त्यांच्या बायका, मांडीवरची मुलं. पहिल्याच खर्जाला ताईची एक भुवई वर गेली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पूर्वरंगाचा अभंग तिनं सांभाळून घेतला, कारण तो सगळ्यांना पाठ होता. पण निरूपण सुरू झालं, ताई बोलता बोलता गायला लागली, आणि मला माझ्या जागेवरून कळलं काय होतंय ते. श, स, च, त, अशी जी अक्षरं नुसत्या श्वासानं उमटतात, नेमकी त्यांच्या जागी तारांची झणझण बसत होती. शब्द सुरू झालेला कळत होता, पण तो कोणता ते कळत नव्हतं.

शेवटच्या रांगेत खंडेरावांचा हात वर गेला. सरळ, कवायतीतल्यासारखा.

ताईनं पाहिला. चिपळ्यांचा एक ठोका चुकला. माझी बहीण चिपळ्यांचा ठोका चुकलेली मी आजवर पाहिली नव्हती.

मयुरानं दचकून तारांवर तळवा ठेवला. झणझण थांबली, पण खालचा आधारही गेला. ताईचा सूर डगमगला. एका ओळीत तो दोनदा सा शोधून आला आणि दोन्ही वेळा वेगळ्या जागी टेकला. पुढच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

मी उजव्या हातानं सूर धरून ठेवला आणि भात्यावरचा डावा हात काढून पेटीच्या खणात घातला. पेटीवाल्यानं दुरुस्तीच्या वेळी पट्ट्यांखाली घालायच्या बनातीचा उरलेला तुकडा मला देऊन ठेवला होता. तो मयुराच्या मांडीवर टाकला.

"बनात. लाव."

"काय?" ती नुसत्या ओठांनी म्हणाली.

"कापड! तारांखाली कोंब. जिथं बांधल्यात तिथं."

तिनं घडी केली. पहिल्यांदा घडी जाड झाली आणि तार मेल्यासारखी ठक्क वाजली. तिनं एक पदर उलगडला, पुन्हा सरकवला, आणि या खेपेला बोटाच्या टोकानं नाही, अंगठ्याच्या मांसल भागानं तार दाबून सोडली.

ठुम्म.

उठला, भरला, गेला. ताईचे खांदे खाली आले. पुढचा शब्द तिनं त्या ठुम्मच्या विझण्यात ठेवला, त्याच्या पुढचाही. खंडेरावांचा हात अजून वरच होता. मग तो हळूच गुडघ्यावर आला.

मध्यंतराचा गजर झाला, बुक्का लावला, हार झाला. तेवढ्यात मयुरानं तारा पुन्हा लावून घेतल्या.

"नव्या आहेत," शहाजीराव म्हणाले, "ताणल्या जाणार. उतरत राहतील. कान ठेव."

"बाबा, आता हे 'उतरत' कोणत्या अर्थानं?" ती म्हणाली. एवढ्या धास्तीतही आम्हाला हसू आलं.

उत्तररंगात ताईनं गजेंद्राचं आख्यान लावलं होतं. सरोवरात उतरलेला हत्ती, मगरीनं धरलेला पाय. हे आख्यान मला अतिशय आवडतं, पण त्या दिवशी ते ऐकताना माझा जीव टांगणीला होता, कारण हत्ती पाण्यात ओढला जाऊ लागला तशी ताई थकायला लागली. सूर सुटला. एकदम नाही, भांड्यातलं पाणी झिरपावं तसा. माझी पेटी जिथल्या तिथं होती. पेटीला खाली येता येत नाही, तिची पट्टी म्हणजे पट्टी. ताई आणि पेटी यांच्यात एक फट पडली आणि ती करकरायला लागली.

मयुराच्या ताराही थोड्या उतरल्या होत्या. तिचा हात खुंटीकडे गेला, पिळून वर चढवायला, माझ्या पेटीला मिळवायला. तिनं माझ्याकडे पाहिलं. किती साधी गोष्ट होती, पण तारा पेटीला मिळाल्या असत्या तर ताई एकटी पडली असती. मी मान हलवली. नको. मग मी पट्ट्यांवरून बोटं उचलली आणि भाता मिटला. इतक्या वर्षांत ताई उभी असताना मी पेटी कधी मिटली नव्हती.

शहाजीरावांनी पाहिलं. त्यांनी सुरात लावलेला तबला सोडला आणि नुसता डग्गा धरला. मयुरानं खुंटी उलटी फिरवली, केसभर. ताई आणखी खाली आली, तीही आली. मावशी जिथं टेकेल तिथं अंगठा.

"हाक मोठी होती तोवर काठावर सगळे होते," ताई सांगत होती. आवाज आता जवळजवळ कुजबुजीचा. "सोयरे होते, गणगोत होतं. हाक बारीक झाली तसा एकेक जण निघून गेला. आता सोंडेचं टोक तेवढं पाण्यावर. आता हाक कुणाला ऐकू जायची?"

खंडेरावांचा हात उचलला गेला. हात खांद्यापर्यंत आला, आणखी वर येऊ लागला, आणि कानामागे थांबला. ओंजळ करून. ते पुढे वाकले होते. त्यांच्या पुढची रांगही वाकली होती. बाजारातलं 'ले लो' ऐकू येत होतं, इतकी शांतता. एवढ्या वेळात कुणी खोकलंही नव्हतं.

ताईनंही तो कानामागचा हात पाहिला. ती थांबली. ठुम्म विझू दिला.

"बायांनो, पहिल्या रांगेत बसायला सगळ्यांना आवडतं," ती म्हणाली. "देव तिथं बसत नाही. तो पार शेवटी बसतो. का, तर कुणाची हाक एवढीशी झाली तरी ती पोचते की नाही, ते बघायला कुणीतरी लागतं ना?"

सगळा हॉल वळून खंडेरावांकडे बघायला लागला. सुभेदार लालबुंद झाले. हात कानामागून काढून त्यांनी मांडीखालीच दडपला. हशा पिकला, आणि त्या हशाच्या पाठीवर ताईनं विठ्ठलनामाचा गजर उचलला. मयुरानं एका झटक्यात बनात ओढून काढली आणि जाड नखी हातात घेतली. आता झणझणीला झाकायला कुठलंच अक्षर नव्हतं; नाम सगळ्यांच्या तोंडी होतं. नव्या तारा टण्णकन बोलल्या आणि अख्खा हॉल टाळ्यांसह उभा राहिला.

आरतीनंतर खंडेराव पुढे आले.

"एकदा हात वर केला होता, ताई. खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा करणार होतो, पण मग पुढचं ऐकायचं राहिलं असतं." मग हळूच, "आणि शेवटी सूर काय बुडवलात हत्तीबरोबर! मुद्दाम ना?"

"मुद्दाम कसला डोंबलाचा," ताई म्हणाली. तिला धड बोलवतही नव्हतं. चिपळ्या हातातच होत्या. ती देवाकडे वळली. मयुरानं माझं मनगट घट्ट धरलं. ताईनं चिपळ्या कपाळाला लावल्या, शेल्यात गुंडाळल्या आणि आपल्या पिशवीत ठेवल्या.

मयुराचा हात सैल पडला. "मावशी, सॉरी. पुढच्या वेळी त्या जुन्यांसारख्याच तारा आणते. आणि आधीच उतरवून ठेवते. म्हणजे खाली. म्हणजे सूर!"

"पुढच्या एकादशीला याच असू देत," ताई म्हणाली. "तू नको उतरवूस बाई. माझ्याबरोबर त्यांच्या त्या उतरतील."