डायलिसिसच्या गावी

माझ्या नवऱ्याला, पेनिएलीला, उपचारासाठी फिजीला, सुवाला नेलं, तेव्हा मी एक लहानशीच बॅग भरली होती. आमच्या तुवालूतल्या फुनाफुती बेटावरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगावरची सूज उतरली की परत याल.

सूज उतरली, पण दोन्ही मूत्रपिंडं कायमची गेली होती. सुवाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता दिवसाआड डायलिसिस. आणि तुमच्या बेटावर तर यंत्र नाही."

"म्हणजे अजून किती दिवस इथं राहायचं?" मी विचारलं.

त्यांनी पेनिएलीकडे पाहिलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "लागी, आहोत तितके दिवस."

आमच्या बेटावरून सुवात येऊन राहिलेल्या एका कुटुंबाच्या घरामागची खोली मिळाली. माझा नवरा जन्मभर मालवाहू जहाजांवर खलाशी होता, आणि आता बसची पायरी चढताना माझा खांदा धरायचा. पाणी बेतानं प्यायचं, मीठ नाही. नारळही बंद. तुवालूच्या माणसाला नारळ बंद! तो कुरकुरायचा, मी ओरडायचे, आणि एक दिवस सोडून पुन्हा बस.

असं वर्ष उलटून गेलं. एकदा त्याच्या खुर्चीशेजारी मला बसल्याबसल्या डुलकी लागली. नवी नर्स आली आणि माझ्याच दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळू लागली.

"असू दे, असू दे," पेनिएली हसत म्हणाला, "तिचंही रक्त धुऊन काढा."

नर्स ओशाळली. मला मात्र हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, "घरी जाऊ या."

"मरायला?"

"मी मरायला. तू जरा जगायला."

मी भांडं आपटलं आणि बाहेर जाऊन बसले. राग त्याच्या बोलण्याचा नव्हता. ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं होतं, त्याचा होता.

त्यानं मला न सांगता बहिणीला फोन केला. पुढच्याच विमानानं सिकावी आली, ती दारातूनच बोलत.

"वहिनी, बॅग भर. आता मी बघते याच्याकडे."

"मी दमलेय, असं कुणी सांगितलं तुला?"

"आरशात बघ जरा. तुम्हा दोघांत आजारी कोण, तेच कळत नाहीये!"

मी घरी गेले. पहिले काही दिवस नुसती झोपले. मग पुलाका हे अळूचे कंद लावतो त्या खड्ड्यातलं तण काढलं, नातवंडांना न्हाऊ घातलं, ताजा मासा खाल्ला. एक दिवस लक्षात आलं, सकाळपासून पेनिएलीची आठवणच झाली नाही. मी घाबरले. फोन करून त्याला सांगूनच टाकलं, "मला परत यावंसं वाटत नाही रे."



"मग नको येऊस इतक्यात," तो म्हणाला. "सिकावी नर्सांशी भांडते. वेळ बरा जातो."

ते मला लागलंही, आणि त्या रात्री गाढ झोपही लागली.

दोन महिन्यांनी मी गेले, कुणी न बोलावता. तेव्हापासून आम्ही नणंद-भावजय त्याच्याजवळ पाळीपाळीनं राहतो. त्या दिवशी मी पोचले तेव्हा तो दारातच बसला होता, आणखी वाळलेला.

"पाऊस झाला का तिकडे?" त्यानं विचारलं.

"झाला. टाक्या भरल्यात."

"आपलीही?"

"आपलीही. गळत होती ती बाजू थोरल्या मुलानं बुजवली."

तो ऐकत राहिला, मी सांगत राहिले. सकाळची बस होती, तरी आम्ही लवकर आत गेलो नाही.