नऊ वाजताचा फोन

जानेवारीत आम्ही कॉम्प्युटर घेतला तो वेंडेलला नोकरी मिळावी म्हणून. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पुढे आम्हा दोघांनाही ते आठवेनासं झालं.

वेंडेल कुबिआक, माझा नवरा. सत्तावीस वर्षं कागदाच्या गिरणीत तपासनीस होता. नोव्हेंबरात गिरणी बंद पडली. बेकारभत्ता मेपर्यंतच मिळणार होता, आणि आता अर्ज कॉम्प्युटरवरूनच करायचे असतात, असं त्याला रोजगार कचेरीत कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून इरी शहराच्या त्या बर्फातून गाडी हाकत आम्ही दुकानात गेलो. मॉनिटरवर ऐंशी डॉलरची सूट होती. सूट कशी, तर आज पूर्ण पैसे मोजायचे, फॉर्म भरून टपालाने पाठवायचा आणि दोन महिने चेकची वाट बघत बसायचं. मी म्हटलं, द्यायचेच आहेत तर इथेच का देत नाहीत? पण फॉर्म पाहून वेंडेलला तरतरी आली होती. कितीतरी दिवसांनी आली होती, म्हणून मी पर्स उघडली.

घरी आल्यावर त्याने मॉनिटर लावूनसुद्धा पाहिला नाही. आधी खोक्यावरचा बारकोड कापला, फॉर्मबरोबर तो जोडावा लागतो. मग काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत फॉर्म भरला. वाचनालयात जाऊन सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या, मूळ पावतीसकट पाकीट रजिस्टरने पाठवलं. तिसऱ्या दिवशी मॉनिटर लावला, तर डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. बारकोड कापलेलं खोकं दुकान परत घेत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला तेवढं सुचलं नाही. तो म्हणाला, रेघेच्या उजवीकडे भरपूर जागा आहे.

त्या जागेत त्याने एकही अर्ज लिहिला नाही.

मार्च लागला तसा तो सूट देणाऱ्या कंपनीला फोन करू लागला. रोज सकाळी नऊला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पुढ्यात वही घेऊन. तासभर तेच ते संगीत ऐकायचं, मग कुणीतरी बाई यायची, तिचं नाव आणि वेळ वहीत टिपायची. बोलणं अगदी अदबीचं. माझ्याशी दिवसभरात चार वाक्यं बोलायचा, त्या बायकांशी पाऊण तास.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी बटाटे सोलत होते. तो म्हणाला, चेक बारा मार्चलाच निघाला म्हणतात. साध्या कार्डावर छापलेला असतो, जाहिरातीसारखा दिसतो.

मला मार्चमधली एक संध्याकाळ आठवली. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी राहून मी घरी आले होते, पाय सुजले होते, आणि टपालपेटीत नेहमीचा कचरा होता. पिझ्झाची कुपनं, छपराच्या दुरुस्तीवाले, आणि एक हिरवं कार्ड. सगळा गठ्ठा मी कॉफीच्या चोथ्यावर टाकून दिला होता.

सांगायला हवं होतं. पण डिसेंबरात हा माणूस खिडकीशी कसा बसायचा ते मी पाहिलं होतं. आता निदान सकाळी उठत तरी होता. आज सांगू, उद्या सांगू करता करता भत्ता बंद झाला आणि मी दोन-दोन पाळ्या करू लागले. रोज नऊला त्याचा आवाज ऐकला की मला स्वतःची लाज वाटायची.

जूनच्या मध्यावर गाडीच्या विम्याचा कागद शोधताना मी त्याची मॉनिटरच्या कागदांची फाइल उघडली. सगळ्या झेरॉक्सच्या मागे ते हिरवं कार्ड होतं. कॉफीचा डाग पडलेलं, इस्त्री फिरवून सरळ केलेलं. चेक वटवायची मुदत नव्वद दिवस. संपून पाच दिवस झाले होते.

मी ते त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"हे कुठे मिळालं तुला?" मी विचारलं.

"कचऱ्यात. तू टाकलंस त्याच रात्री, पिशवी बाहेर ठेवताना." तो कार्डाकडे बघत होता. "दुसऱ्या दिवशी बँकेत जाणार होतो."

"मग गेला का नाहीस, वेंडेल? ऐंशी डॉलर होते. इथे मी गॅसचं बिल दोन हप्त्यांत भरतेय."

"नऊ वाजले, आणि मी फोन लावला." त्याने कार्ड उलटं करून ठेवलं. "चेक भरला असता तर रोज नऊला काय केलं असतं, डार्लीन?"

मला भयंकर राग आला होता. त्यातला अर्धा माझा माझ्यावरच होता. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगून टाकलं, की कार्ड मीच टाकलं हे एप्रिलपासून मलाही ठाऊक होतं, आणि मीही गप्पच होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. हसला नाही, पण खांदे जरा खाली आले.

"उद्या रोजगार कचेरीला लाव," मी म्हटलं. "तेही तासभर ताटकळत ठेवतात. तुला सवय आहे."

दुसऱ्या दिवशी मी पहिली पाळी सोडली. तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. नऊला फोन लावला. संगीत इथलं वेगळं होतं, तेही तासभर वाजलं. मग त्याने बाईचं नाव टिपलं, स्वतःचं सांगितलं. गिरणीतला शेवटचा दिवस कोणता, असं पलीकडून विचारलं असावं. उत्तरासाठी त्याने वही उघडली नाही.

"शुक्रवार, चौदा नोव्हेंबर," तो म्हणाला. "दुपारी साडेतीनला."

हे त्याने आजवर स्वतःच्या तोंडाने कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. त्या बाईने काय म्हटलं कोण जाणे, पण तो फोन कानाला तसाच धरून बसला, दुसऱ्या हाताने माझी बाही पकडून.