साठ मतं, एकोणसाठ चिठ्ठ्या

पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण बहुधा आमच्या आईवरूनच पडली असावी. मी मतदानयंत्रं तपासते. पक्षांची माणसं माझ्याकडे हुज्जत घालत येतात, सगळं खोलून दाखवलं की पटतं त्यांना, आणि चहा पिऊन जातात. आई मात्र बधत नाही. यंत्रं आली तेव्हापासून तिने एकदाही मत दिलेलं नाही.

बरं, गप्प राहावं ना माणसाने! आमच्या घराखालीच तिचं शिवणाचं दुकान आहे. माप घेता घेता ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, "माझीच लेक तपासते ते डबे. पण माझा नाही बाई विश्वास." घरचीच जाहिरात अशी असल्यावर दुश्मन हवेत कशाला?

जेवताना मी तिला किती वेळा समजावलं असेल. यंत्राला बाहेरची कुठलीच तार जोडलेली नाही, त्यामुळे लांब बसून कुणी आत शिरू शकत नाही. आतला प्रोग्रॅम आम्ही मूळ प्रतीशी ताडून बघतो. झाकणाला सील असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाची ती चिठ्ठी. बटण दाबलं की आपल्या मताची चिठ्ठी बाहेर येते, ती वाचायची आणि आपल्या हाताने पेटीत टाकायची. शंका आली तर यंत्राचा आकडा बाजूला ठेवून चिठ्ठ्या मोजता येतात.

"ते ठीक आहे गं," आई भात कालवत म्हणायची. "पण शिवण कशी आलीये ते बघायचं तर मी कपडा उलटा करते. तुझा डबा कसा उलटा करू?"

तिने मत कुणाला द्यावं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. पण ज्या कामावर मी उभी आहे ते माझ्या आईलाच खरं वाटत नाही, हे मला लागायचं. फार लागायचं.

म्हणून निवडणुकीआधीच्या जाहीर चाचणीला ती आपणहून आली तेव्हा मी चाटच पडले. क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, समोर टेबलावर सगळ्या यंत्रांतून सोडतीने निवडलेलं एक यंत्र आणि त्याच्या शेजारी काचेची पेटी. हे एक यंत्र पास झालं तरच बाकीची सगळी रवाना होणार होती, आणि पास केल्याची सही माझी. आलेल्या लोकांनी एकेक करून खोटं मत द्यायचं. उमेदवारही खोटेच होते: छत्री, शिडी आणि किटली. आई इस्त्रीची साडी नेसून, पर्स काखेत धरून रांगेत उभी राहिली. चष्मा लावून तिने चिठ्ठी नीट वाचली, पेटीपाशी गेली आणि पुढे येऊन बसली. मी मनातल्या मनात खूश झाले. आज तरी हिचं समाधान होईल, असं वाटलं.

मतं संपल्यावर यंत्राचा आकडा पडद्यावर आला: साठ. मग पेटी उघडून दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या मोजल्या. एकोणसाठ.

पुन्हा मोजल्या. एकोणसाठच. किटलीची एक कमी.

मी पेटी उलटी केली, टेबलाखाली पाहिलं, यंत्राच्या फटीत चिठ्ठी अडकली आहे का तेही पाहिलं. कुठे काही नाही. लोक खुर्च्यांत चुळबुळ करायला लागले. आमचे साहेब माझ्या कानाशी आले. साहेब तसे वाईट नाहीत, पण बाहेर ट्रक उभे होते आणि वरून फोनवर फोन येत होते.

"उडाली असेल पंख्याने," ते हळूच म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. जुळलं म्हणून सांगा आणि मोकळ्या व्हा."

"पंखे बंद आहेत साहेब."

"अहो, एका चिठ्ठीने काय आभाळ कोसळतंय?"

मी आईकडे पाहिलं. ती मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. आता ही दुकानात काय काय सांगेल ते मला आत्ताच ऐकू येत होतं. जन्मभर ऐकावं लागणार होतं. क्षणभर वाटलं, साहेब म्हणतात तसं करावं. मग स्वतःचाच राग आला आणि त्या रागातच मी माईक हातात घेतला.

"यंत्रात साठ मतं आहेत आणि पेटीत एकोणसाठ चिठ्ठ्या," मी म्हणाले. "हिशेब जुळलेला नाही. का जुळला नाही ते मला माहीत नाही. ते कळेपर्यंत हे यंत्र नापास आहे, आणि बाकीचंही एकही यंत्र इथून हलणार नाही."

हॉलमध्ये गलका झाला. एका पक्षाचा प्रतिनिधी म्हणाला, "आम्ही सांगतच होतो." दुसऱ्या पक्षाचा म्हणाला, "आम्ही तुमच्याआधी सांगत होतो." साहेबांनी कपाळाला हात लावला. मी नापासाची लाल पट्टी घेतली, यंत्रावर चिकटवली आणि तिच्यावर सही केली.

मग आई उठली. टेबलापाशी आली, पर्सची चेन उघडली आणि घडी केलेली चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. किटली.

"पेटीजवळचा माणूस त्या काठीवाल्या आजोबांना खुर्ची द्यायला गेला होता," ती म्हणाली. "मी पेटीवर नुसता हात ठेवला आणि पुढे गेले."

चारचौघांत आईवर ओरडता येत नाही, हा मोठाच अन्याय आहे. "का पण?" एवढंच कसंबसं विचारलं.

"नवीन कारागीर आला की मी त्याला बेतलेले तुकडे देते ना, त्यातला कॉलरचा एक काढून ठेवते," आई सहज सांगायला लागली. "कुणी कुठल्या तरी चिंधीतून कॉलर कापून लावतो आणि सदरा आणून देतो. त्याला मी दुसऱ्या दिवशी बोलवत नाही. जो येऊन म्हणतो, बाई, एक तुकडा कमी आहे, त्याला ठेवून घेते. तुमचं यंत्र मला काय कळणार? मला एवढंच बघायचं होतं, की कमी पडलं तर तुम्ही सांगता का लपवता."

साहेब छताकडे बघायला लागले.

"बरं, मिळाली ना चिठ्ठी? घाल पेटीत, म्हणजे झाले साठ," आई म्हणाली. "मला दुकान उघडायचंय."

"नाही," मी म्हणाले. आता माझी पाळी होती. "पेटीबाहेर गेलेली चिठ्ठी परत पेटीत जात नाही. सगळं पहिल्यापासून. सगळ्यांनी पुन्हा रांगेत उभं राहायचं, तूसुद्धा. आणि या वेळी पेटीजवळचा माणूस भूकंप झाला तरी हलणार नाही."

लोकांनी आईकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहून मला फार बरं वाटलं. काठीवाले आजोबा तर स्पष्टच म्हणाले, "बाई, आता तरी नीट टाका." आई मुकाट्याने रांगेत गेली. तिची पाळी आली तेव्हा तिने चिठ्ठी वाचली आणि ती वर धरून पेटीजवळच्या माणसाला दाखवायला लागली, तेव्हा मी तिला दटावलं की मत कुणाला दाखवायचं नसतं. तिने ती निमूटपणे पेटीत सोडली. साठाला साठ जुळले. मी लाल पट्टी काढून हिरवी लावली, आणि अहवालात पेटीजवळ दोन माणसं नेमण्याची सूचना घातली.

घरी जाताना मी मुद्दाम चार पावलं पुढे चालत होते. राग गेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर हसूही आवरत नव्हतं, ते तिला दिसू द्यायचं नव्हतं.

"रागावलीस?" आईने मागून विचारलं.

"माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता तुझा?"

"तू लहानपणापासून खरं बोलतेस, ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण तो साहेब कानाशी लागल्यावर काय करतेस, ते कुठे माहीत होतं?"

मी थांबले. ती माझ्या बरोबरीला आली आणि पर्स या काखेतून त्या काखेत घेतली.

"मतदान किती वाजता सुरू होतं गं?" तिने विचारलं.

"सकाळी सातला."

"आणि रांग असते का?"

"सकाळी असते थोडी."

"मग त्या दिवशी दुकान उशिरा उघडते," आई म्हणाली. आईने आपणहून दुकान उशिरा उघडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला तिथे रस्त्यातच रडू आलं.